तार जोडून परत आलेला माणूस



सिडनीच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना एम-७ हा रस्ता तोंडपाठ असतो. विकांताला कॅनबेराला जायचं असो की कॅम्पबेलटाऊनच्या मित्राकडे पुरणपोळ्या हाणायला, एम-७ संपून एम-५ला मिळतो तिथे एक भलंमोठं इंटरचेंज लागतं. त्याला सर रोडन कटलर यांचं नाव दिलेलं आहे. मी तिथून निदान शंभर वेळा गेलो असेन. हे कटलर कोण, असा प्रश्न एकदाही पडला नाही. असतील कुणी मंत्रीबिंत्री, आपल्याला काय! आपलं लक्ष टोल किती कापला आणि पुढे ट्रॅफिक आहे का, याकडे.

२०१८ साली बाबा पहिल्यांदा इकडे आले. ऑपेरा हाऊस झालं, हार्बर ब्रिज झाला, ब्लू माउंटन्स झालं, आणि मग सगळे पाहुणे जातात तसे आम्ही त्यांना घेऊन कॅनबेराला गेलो. तिथल्या वॉर मेमोरियलमध्ये शौर्यपदकांचं एक दालन आहे. मंद उजेड, काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीत एकेका माणसाची पदकं आणि त्याची थोडक्यात हकिगत. लेक कंटाळून तिच्या आईबरोबर विमानं बघायला गेली. बाबा मात्र हात मागे बांधून, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे एकेका पेटीपुढे थांबत होते. एका पेटीपुढे थांबून म्हणाले,

"अरे, इकडे ये. हा तोफखान्यातला आहे बघ. तार जोडायला गेला होता म्हणे. आपल्या शेजारच्या काकांसारखा."

नाव वाचलं. रोडन कटलर. आपल्या इंटरचेंजवाले!

पुढचं सांगण्याआधी शेजारच्या काकांबद्दल सांगायला हवं, कारण हा लेख अर्धा त्यांचा आहे.

आम्ही नाशिकरोडचे. देवळालीला लष्कराचं तोफखान्याचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, हे तुमच्यापैकी नाशिककरांना सांगायला नको. लांबून तोफांच्या सरावाचे आवाज यायचे आणि घरी आलेला पाहुणा दचकला की आम्हा पोरांना मजा वाटायची. आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहायचे. तोफखान्यातले. १९७१च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याहून जास्त कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९९९ साली कारगिल सुरू झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा. टीव्हीवर रोज बोफोर्स धडाडताना दाखवायचे. आम्ही सगळी कार्टी काकांच्या ओट्यावर जमायचो.

"काका, तुम्ही पण अशी तोफ उडवलीत?"

"नाही रे बाबांनो. मी ऑपरेटर होतो. टेलिफोन, वायरलेस, तार टाकणं, तार जोडणं."

"म्हणजे... तुम्ही फक्त फोन करायचात?"

हा प्रश्न मी विचारला होता. पोरं फिदीफिदी हसली. काकाही हसले. "हो रे, फक्त फोन," म्हणाले आणि आत जाऊन आमच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले. विषय संपला. तो प्रश्न मला पुढे किती वर्षं टोचणार आहे, याची तेव्हा काय कल्पना!

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, मी संगणकवाला आहे, तोफवाला नाही. जे मला कळलं ते तुम्हालाही कळेल.

आपल्या डोळ्यांपुढे तोफ म्हटली की सिनेमातली तोफ येते. समोर किल्ला, बत्ती दिली, धडाड! दुसऱ्या महायुद्धात तसं नव्हतं. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन तोफखान्याची मुख्य तोफ होती पंचवीस पौंडी. तिचा गोळा पंचवीस पौंडांचा, म्हणजे सव्वाअकरा किलोच्या आसपास, आणि पल्ला जास्तीत जास्त बारा किलोमीटर. बारा किलोमीटर म्हणजे किती? तोफ नाशिकरोड स्टेशनवर उभी केली तर पंचवटीपर्यंत सहज मारा होईल. पण स्टेशनवरून पंचवटी दिसते का? नाही दिसत. तोफेजवळच्या सहा माणसांनाही आपला गोळा कुठे पडला ते दिसत नाही. मध्ये डोंगर असतो, झाडं असतात, नाहीतर नुसतं अंतरच असतं. म्हणजे तोफ कितीही ताकदवान असली तरी आंधळी.

तिचे डोळे पुढे असतात. तोफखान्याचा एक अधिकारी आणि त्याच्याबरोबरचे दोन-चार सिग्नलर पायदळाच्या सोबत, कधीकधी पायदळाच्याही पुढे, एखाद्या टेकडीवर किंवा घरात जाऊन बसतात. हातात दुर्बीण, शेजारी टेलिफोन. पहिला गोळा पडतो तो बघायचा आणि मागे सांगायचं, "लांब पडला, अमुक इतकं कमी करा." दुसरा जवळ पडला की मधलं अंतर निम्मं करायचं. मग पुन्हा निम्मं. आपण लहानपणी "मनातला आकडा ओळख" खेळायचो ना, मोठा की लहान, मोठा की लहान? अगदी तेच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आपण ह्याला बायनरी सर्च म्हणून घोकलं. हे लोक गोळ्यांच्या वर्षावात बसून करायचे.

नेम बसला की तो आकडा तोफेजवळच्या वहीत नोंदवून ठेवायचा. ह्याला रजिस्टर करणं म्हणतात. एकदा एखादा रस्ता किंवा पूल असा रजिस्टर झाला की मग अंधार असो, धुकं असो, नुसता निरोप आला तरी गोळे तिथेच जाऊन पडतात.

आणि हे सगळं कशावर अवलंबून? एका तारेवर. त्या काळचे वायरलेस संच अवजड होते आणि डोंगराळ भागात त्यांचा भरवसा नसायचा. त्यामुळे मुख्य आधार टेलिफोनच्या तारेचा. जमिनीवर नुसती अंथरलेली, बऱ्याचदा एकच तार, परतीचा मार्ग म्हणून जमिनीत ठोकलेली एक खुंटी. ह्या तारेवरून आपलेच ट्रक जायचे, रणगाड्यांचे पट्टे फिरायचे, शत्रूचे गोळे पडायचे. तार तुटली की तोफ पुन्हा आंधळी. मग कुणीतरी उठायचं आणि तार जोडून यायची.

कुणीतरी. हा शब्द लक्षात ठेवा.

आता कटलर यांच्याकडे वळू. जन्म २४ मे १९१६, सिडनीच्या मॅनलीमधला. होय, आपण फेरीने आइस्क्रीम खायला जातो तीच मॅनली. शिक्षण सिडनी बॉईज हायस्कूल आणि मग सिडनी विद्यापीठात अर्थशास्त्र. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. (ज्याला गोळ्या चुकवत फिरायचं आहे त्याला देवाने ही उंची का द्यावी, असा प्रश्न मला पडला.) १९४० साली ते ऑस्ट्रेलियाच्या तोफखान्यात, २/५ फील्ड रेजिमेंटमध्ये, लेफ्टनंट म्हणून दाखल झाले.

लढाई झाली ती सीरिया आणि लेबनॉनमध्ये, १९४१च्या जून-जुलैत. ही मोहीम आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. जून १९४०मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे हरला आणि तिथे व्हिशी गावातून चालणारं, जर्मनीशी जुळवून घेणारं सरकार आलं. सीरिया-लेबनॉन फ्रान्सच्या ताब्यात होते, ते ह्या व्हिशी सरकारकडे गेले. मे १९४१मध्ये जर्मन विमानं इराकला जाताना सीरियातले विमानतळ वापरू लागली, तेव्हा ब्रिटिशांनी ठरवलं की हा मुलूख घेतलाच पाहिजे. ८ जून १९४१ला फौजा आत शिरल्या. त्यात ऑस्ट्रेलियाची सातवी डिव्हिजन होती, दि गॉल यांचे स्वतंत्र फ्रेंच होते आणि आपली पाचवी भारतीय ब्रिगेडही होती. लवकर आटपेल असा अंदाज होता, पण व्हिशी फ्रेंच फौज चिवटपणे लढली.

दक्षिण लेबनॉनमध्ये मर्जायून नावाचं डोंगरातलं गाव आहे. मोक्याचं ठिकाण. ११ जूनला ते मित्रफौजांनी घेतलं, १५ जूनला व्हिशी फौजेने प्रतिहल्ला करून परत घेतलं. आणि १९ जूनला ते पुन्हा मिळवण्यासाठी हल्ला सुरू झाला. कटलर तेव्हा नुकते पंचवीस वर्षांचे झाले होते.

पायदळ मशिनगनच्या माऱ्यामुळे अडलं होतं. कटलर, तोफखान्याचाच आणखी एक अधिकारी आणि काही जवान पायदळाच्याही पुढे गेले आणि एका घरात त्यांनी ठाणं मांडलं. टेलिफोन लावला. आणि तार तुटली.

कटलर उठले. मशिनगन चालू असताना घराबाहेर पडले, तार जोडली आणि परत घरात आले.

मानपत्रात ही गोष्ट जेमतेम एका वाक्यात आहे. बाहेर गेले, तार जोडली, परत आले. मी त्या काचेपुढे उभा राहून ते वाक्य वाचलं आणि मला आमच्या कॉलनीतली अँटेनाची वायर आठवली.

त्याचं असं झालं. केबल यायच्या आधी आमच्याकडे छतावरच्या अँटेनाची वायर पार खालपर्यंत आणलेली होती. एका पावसाळ्यात रात्री चित्र गेलं. वीजही गेलेली. बाबा टॉर्च शोधत होते, तेवढ्यात काका आले. म्हणाले, टॉर्च कशाला? त्यांनी वायर मुठीत धरली आणि ती मुठीतून सरकवत, अंधारात, जिना चढून गेले. मी मागे मागे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. "इथे गेलीय." उंदराने कुरतडली होती. मग त्यांनी दुसरं टोक चाचपून शोधलं, आधी दोन्ही टोकांची एक पक्की गाठ मारली आणि गाठीच्या पुढे उरलेली तांब्याची टोकं सोलून पिळली. मी विचारलं, गाठ कशाला? म्हणाले, "ओढ बसली तर ती गाठीवर बसावी, जोडावर नाही. जोड फक्त बोलण्यासाठी असतो."

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की युद्धातले लाइनमन रात्री तुटलेली तार शोधायचे ते नेमके असेच. उजेड करायचा नाही, कारण उजेड दिसला की गोळी. तार मुठीतून सरकवत चालत राहायचं, ती संपली की तिथे तुटली. मग दुसरं टोक शोधायचं, जे स्फोटाने पार लांब उडालेलं असू शकतं. गाठ मारायची, जोडायचं, सोबतचा छोटा फोन लावून दोन्हीकडे आवाज जातो का बघायचं. आवाज नाही आला तर पुढे आणखी कुठेतरी तुटली आहे. मग पुन्हा चालायला लागायचं. पहिल्या महायुद्धात कितीतरी सिग्नलरांना पदकं मिळाली ती ह्याच एका कामासाठी. आणि कितीतरी जणांना हेच काम करताना मरण आलं.

म्हणजे काका त्या रात्री वायर दुरुस्त करत होते, आणि त्यांचे हात मात्र बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी रात्री होते. मी समोर उभा होतो आणि मला काही दिसलं नाही.

असो. मर्जायूनला परत जाऊ.

तार जोडली गेली आणि त्या घरातून शत्रूच्या चौक्यांवर आणि एका तोफांच्या बॅटरीवर मारा सुरू झाला. साहजिकच शत्रूला कळलं की डोळे कुठे आहेत. पायदळ आणि हलके रणगाडे त्या घरावर चालून आले. ब्रेन गन चालवणारा जवान जागीच गेला, दुसरा अधिकारी प्राणांतिक जखमी झाला. कटलर आणि तोफखान्याचा आणखी एक जवान, दोघांनी ब्रेन गन आणि रणगाडाविरोधी रायफल हातात घेतली. पायदळ मागे हटलं, पण रणगाडे मारा करत राहिले. शेवटी तेही माघारी फिरले. कटलर यांनी आधी जखमींना मागे पोचवलं.

इथे आपण म्हणू, झालं, पुष्कळ झालं. पण त्यांना काम दिलेलं होतं ते वेगळंच: ज्या एकमेव रस्त्याने शत्रूची वाहनं गावात येऊ शकतात तो रस्ता रजिस्टर करायचा. तो गावात शिरल्याशिवाय दिसत नव्हता. मग काही स्वयंसेवक घेऊन ते पुढे निघाले आणि शेवटी फक्त एका साथीदारासह थेट गावात पोचले. गावात फ्रेंच फॉरिन लीजन होती. डावीकडे शत्रू प्रतिहल्ल्यासाठी जमतोय आणि आपण कोंडले जाणार, हे त्यांना दिसत होतं. तरी बसून राहिले, रस्ता रजिस्टर केला, चौक्यांवर मारा केला. प्रतिहल्ला झाला, परतीची वाट बंद झाली. लपून राहिले आणि अंधार पडल्यावर शत्रूच्या रांगांमधून वाट काढत परत आले.

ज्या दिवशी हे चाललं होतं त्याच १९ जूनला, तिथून साठेक किलोमीटरवर, दमास्कसच्या वेशीवरच्या मेझ्झे गावात आपली पंजाब रेजिमेंट आणि राजपुताना रायफल्सची माणसं वेढ्यात सापडली होती. गाव त्यांनी पहाटेच जिंकलं होतं. पण मदत वेळेत पोचू शकली नाही, दारूगोळा संपला आणि २० तारखेला उरलेल्यांना शरण जावं लागलं. दुसऱ्या दिवशी दमास्कस पडलं. माणसं दोन्हीकडे शूरच होती. मर्जायूनच्या त्या घरातून मागच्या तोफांशी बोलणारी एक तार शाबूत होती. मेझ्झेत वेढ्यातल्यांच्या हाकेला वेळेत ओ मिळाली नाही. मला वाटतं, तारेची किंमत ह्याहून जास्त समजावून सांगता येणार नाही.

२३-२४ जूनच्या रात्री कटलर यांनी एक पंचवीस पौंडी तोफच अगदी पुढच्या फळीत नेली आणि वाट अडवून बसलेली शत्रूची रणगाडाविरोधी तोफ आणि चौकी गप्प केली. सकाळी मर्जायून हातात आलं.

आणि मग ६ जुलै. बैरुतच्या दक्षिणेला समुद्रकाठी दामूर आहे, बैरुतच्या आधीचा शेवटचा मोठा अडथळा. पुन्हा तोच प्रसंग. पुढचं पायदळ मशिनगनच्या माऱ्याखाली जमिनीला चिकटलेलं, आणि पुढच्या ठाण्यापर्यंत तार नाही. कटलर तार आणायला निघाले. ह्या वेळी गोळ्या लागल्या. पायाची चाळण झाली. पडले तिथून त्यांना उचलून आणणं शक्य व्हायला सव्वीस तास लागले. सव्वीस तास, जुलैच्या उन्हात. तोवर जखमेत विष भिनलं होतं. पाय कापावा लागला.

आठ दिवसांनी, १४ जुलैला, युद्धबंदीचा करार झाला.

२८ नोव्हेंबर १९४१ला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात हे पदक मिळालेले ते ऑस्ट्रेलियन तोफखान्यातले एकमेव. १९४२ साली सिडनीत गव्हर्नर जनरल लॉर्ड गावरी यांनी ते त्यांना दिलं. गंमत म्हणजे गावरी स्वतःही व्हिक्टोरिया क्रॉसवालेच.

ह्याच्या पुढचं आयुष्यही वाचण्यासारखं आहे. पंचविशीत पाय गेलेला हा माणूस घरी बसला नाही. तीस पूर्ण व्हायच्या आत ऑस्ट्रेलियाचा उच्चायुक्त म्हणून न्यूझीलंडला गेला. मग सिलोन, मग इजिप्त, तेही १९५६च्या सुएझ प्रकरणाच्या धामधुमीत. मग पाकिस्तान, मग न्यूयॉर्क. आणि जानेवारी १९६६ ते जानेवारी १९८१, तब्बल पंधरा वर्षं, न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर. इतकी वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कुणीच बसलेलं नाही. खुर्चीवर म्हणतो खरा, पण गव्हर्नरचं काम उभं राहण्याचं. सलामी घ्या, झेंडा वंदन करा, शाळांमधून बक्षिसं वाटा. हे सगळं कृत्रिम पायावर. २१ फेब्रुवारी २००२ला, वयाच्या ८५व्या वर्षी ते गेले. सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले आणि पुढे एका इंटरचेंजला नाव मिळालं, ज्यावरून आपण टोलचा हिशोब करत जातो.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या शब्दाकडे येतो.

मानपत्र मी नंतर घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचलं. कामाची सवय, लॉग वाचावा तसं. आणि एक गोष्ट खटकली. ज्याने ब्रेन गन आणि रायफलच्या लढाईत साथ दिली, तो मानपत्रात "तोफखान्याचा आणखी एक जवान" आहे. जो शेवटपर्यंत, फॉरिन लीजनने भरलेल्या गावात सोबत गेला, तो नुसता "आणखी एक" आहे. पुढे गेलेले स्वयंसेवक म्हणजे "छोटी तुकडी". मानपत्र एकाच माणसाचं असतं, त्यामुळे ते तसंच लिहिलं जाणार, हे मला कळतं. कटलर यांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. पण गोळ्या त्या "आणखी एक"वरही तितक्याच झाडल्या जात होत्या. आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला, तोफेजवळ, कानाला फोन लावून बसलेलाही कुणीतरी होताच.

ह्या "आणखी एक"ची मला एकाएकी ओळख पटली. तो आमच्या शेजारी राहायचा. पोरांना शेंगदाण्याचे लाडू द्यायचा.

काकांना शौर्यपदक नव्हतं. लढाईत असलेल्या सगळ्यांना मिळतात ती पदकं होती, एका डब्यात, डबा कपाटावर. त्यांनी १९७१मध्ये नेमकं काय पाहिलं, किती वेळा तार जोडायला गेले, सोबत कोण होतं आणि ते परत आलं का, ह्यातलं मला काहीही माहीत नाही. मी २०१३ला इकडे आलो. निघताना नमस्कार करायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, "तिकडे काम काय करणार?" मी म्हटलं, "काका, नेटवर्क. दोन ठिकाणांमधला डेटा चालू राहिला पाहिजे, बंद पडला की आम्ही चालू करायचा." ते एकदम खूश झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे आपलंच काम की रे!"

मी हसलो. मनात म्हटलं, कुठे तुमची तार आणि कुठे आमचं फायबर.

२०१६ साली ते गेले. आईने फोनवर सांगितलं. मी ऑफिसमध्ये होतो. "अरेरे," म्हटलं, काकूंची चौकशी केली आणि पुढच्या मीटिंगला गेलो.

मंडळी, आमच्या कामातही रात्री दोनला फोन येतो. लिंक पडलेली असते. आपण ब्लँकेटमधून हात बाहेर काढून लॅपटॉप उघडतो, एकेक टप्पा तपासतो, इथपर्यंत उत्तर येतंय, इथून पुढे येत नाही. म्हणजे तार मुठीतून सरकवत जायचं तेच, फक्त मशिनगन नाही. फार तर मॅनेजर असतो. :-) दुसऱ्या दिवशी आपण ऑफिसात त्या रात्रीची कहाणी चार जणांना रंगवून सांगतो. काकांनी आयुष्यात एकदाही सांगितली नाही. आम्ही एकदा विचारलं होतं, आणि आम्हीच हसलो होतो.

कॅनबेराहून परत येताना रात्र झाली होती. त्या हमरस्त्यावरच्या विसाव्याच्या जागांना व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं दिलेली आहेत. बाबा पुढच्या सीटवर बसून एकेक पाटी वाचत होते. मध्येच म्हणाले, "एकदा त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांच्यातला एक जण तार जोडायला गेला, तार जोडली गेली, फोन चालू झाला. पण तो काही आला नाही." मी विचारलं, कोण होता? बाबा म्हणाले, "मी नाही विचारलं. ते गप्प झाले, मग मीही गप्प बसलो."

इंटरचेंज आलं. मी पहिल्यांदा गाडी थोडी हळू केली. मागच्याने हॉर्न दिला.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात, शेजारात, सासरी-माहेरी असे कुणीतरी असतील. सिग्नलवाले, ड्रायव्हर, स्वयंपाकी, नर्सिंगवाले, ज्यांना आपण "म्हणजे तुम्ही फक्त...?" असं विचारलं असेल. पुढच्या रविवारी फोन कराल तेव्हा तब्येत आणि पाऊस ह्यांच्या पलीकडे एक प्रश्न विचारून बघा. ते कदाचित "काही नाही रे" म्हणतील. तरी दुसऱ्यांदा विचारा. आमच्यासारखं हसू नका.

परवा लेकीच्या खोलीतल्या दिव्यांच्या माळेची वायर तुटली. प्लग काढला आणि जोडायला बसलो. ती म्हणाली, बाबा, आधी गाठ कशाला? मी तिला सांगितलं, ओढ बसली तर गाठीवर बसावी, जोडावर नाही. तिने विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

ह्या वेळी मी सगळं सांगितलं. जेवढं माहीत होतं तेवढं.

चूकभूल द्यावी घ्यावी.

सिडनीहून,
एक नाशिकरोडकर